नाव कोणाच्या कानी? हाकाता येथील पहिला संग्राम (१२७४)

अपरिचित शत्रूशी प्रथमच गाठ पडावयाची असता सरंजामी सैन्य लढाईची आखणी कशी करते, या प्रश्नाच्या विचारास जपानमधील हाकाता उपसागराच्या काठी १९ नोव्हेंबर १२७४ रोजी झालेला संग्राम विशेष उपयुक्त आहे. कुबलाई खानाचे पहिले पत्र १२६८ मध्येच क्यूशू बेटावरील दाझाइफु येथे पोहोचले होते. कामाकुरा येथील सत्ताधीशांनी त्यास उत्तर दिले नाही; १२७१ मध्ये, क्यूशूत जमिनी असलेल्या सरदारांनी तेथे जाऊन संरक्षणास सिद्ध राहावे, अशी आज्ञा मात्र दिली. शत्रू येणार हे ठाऊक होते; तो लढतो कसा, हे ठाऊक नव्हते. त्सुशिमा आणि इकी या बेटांवरील तुटपुंज्या शिबंदीचा प्रथम फडशा पडला आणि मग गलबते हाकातास लागली.

या दिवसाविषयी प्रचलित असलेली कथा ‘हाचिमान गुदोकुन’ या ग्रंथातून आली आहे. सामुराईंच्या बाजूने प्रथेप्रमाणे युद्धारंभाचा, शीळ घालणारा बाण सोडण्यात आला. तो पाहून मंगोल हसले. वीर एकेकटा पुढे येऊन आपले नाव व कुळ सांगे. शत्रू मात्र नगारे व घंटा बडवीत त्यास घोळक्याने घेरी. नाव पुकारण्याच्या या प्रथेस ‘नानोरी’ म्हणतात. भाषेच्या अभ्यासकास ही कथा मोहात पाडते, यात नवल नाही. एका पक्षाची संकेतव्यवस्था दुसऱ्यास अवगत नसली की काय घडते, याचे इतके नेटके उदाहरण शोधूनही मिळावयाचे नाही. तथापि हा नेटकेपणाच शंकास्पद आहे. ग्रंथ घटनेनंतर काही दशकांनी रचलेला असून हाचिमान देवतेचे माहात्म्य वर्णन करणे हा त्याचा उघड हेतू आहे. वीर जितके हतबल ठरतील, तितका देवाचा पराक्रम मोठा.

याउलट, त्या दिवशी प्रत्यक्ष लढलेल्या ताकेझाकी सुएनागा या हिगो प्रांतातील लहानशा सरदाराने आपला वृत्तांत चित्रपटाच्या गुंडाळीवर लिहवून घेतला आहे. अर्थात तोही निःस्वार्थ नाही. स्वतःचा पराक्रम नोंदविण्यासाठीच त्याचा खटाटोप आहे. परंतु त्याच्या निवेदनातून, त्यास अभिप्रेत नसताना, आखणीचे स्वरूप कळून येते. आखणी होती. त्या दिवसाचा सेनानायक शोनी कागेसुके याची आज्ञा स्पष्ट होती : आकासाका येथील भूमी घोड्यांस अडचणीची आहे, सर्वांनी किनाऱ्याजवळ थांबावे आणि शत्रू चालून आला की एकदम तुटून पडून बाणांचा मारा करावा. घोडदळाच्या दृष्टीने हा बेत शहाणपणाचा होता. तो मोडला सुएनागासारख्यांनीच. केवळ पाच स्वारांनिशी तो बिनीचा मान मिळविण्यासाठी पुढे निघाला आणि तसे कागेसुकेस कळविले. कागेसुकेनेही त्यास अडविले नाही. जगल्यास साक्ष देईन, असेच आश्वासन दिले.

वाटेत त्यास हाती शत्रूंची मुंडकी घेऊन परतणारा किकुची ताकेफुसा भेटला. दोघांनी एकमेकांस नावे विचारली व सांगितली, आणि आपला हल्ला पाहावा, असे सुएनागाने त्यास विनविले. पुढे सुएनागा व त्याचा घोडा दोघेही जखमी झाले. शिराइशी मिचियासु शंभरावर स्वार घेऊन आला म्हणून तो वाचला. तेव्हाही दोघे परस्परांचे साक्षीदार झाले. येथे महत्त्वाची गोष्ट अशी की, ही नावे मंगोलांस उद्देशून पुकारलेली नाहीत. ती स्वपक्षीयांच्या कानांसाठी आहेत. शत्रूस ती कळली काय नि न कळली काय, त्यांचे कार्य साधत होते. कारण बक्षीस शत्रू देणार नव्हता, कामाकुरा देणार होते, आणि तेथे पुराव्यावाचून दाद लागत नसे. नानोरीचा श्रोता कोण, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘गुदोकुन’मधील हास्याचे महत्त्व पुष्कळच उणावते. त्या दिवशीची अडचण परक्याची भाषा न कळण्याची तितकी नव्हती, जितकी स्वतःच्या मोबदल्याच्या व्यवहाराची होती. एकत्र थांबण्यासाठी वतन मिळत नसे. ते सर्वांआधी धावण्यासाठी मिळे.

सुएनागाचे पुढील वर्तन याची साक्षच होय. बक्षिसासाठी आपले नाव पुढे गेले नाही, असे पाहून त्याने १२७५ मध्ये घोडे व खोगिरे विकून वाटखर्चाची तजवीज केली, कामाकुरा गाठले आणि आदाची यासुमोरीपुढे आपली फिर्याद मांडली. त्यास काइतो येथील जमीन व एक घोडा मिळाला.

राज्यकर्त्यांनी मात्र आखणी बदलली. १२७६ मध्ये उपसागराच्या काठाने सुमारे २० किलोमीटर लांबीची दगडी भिंत उभारण्यात आली आणि सरदारांकडून त्यांच्या जमिनीच्या प्रमाणात बांधकाम करून घेण्यात आले. भिंतीमागे थांबण्यास आता जागा झाली, आणि १२८१ मध्ये दुसरी स्वारी आली तेव्हा शत्रूस तेथे पाय रोवता आला नाही. लढाई मग समुद्रावर गेली. तेथे सुएनागा पुन्हा दिसतो : स्वतःची नाव वेळेवर आली नाही म्हणून गुप्त आज्ञेची थाप मारून तो दुसऱ्याच्या नावेत शिरला, शिरस्त्राण जवळ नव्हते तेव्हा पायांची कवचे सोडून डोक्यास बांधली, आणि शत्रूच्या गलबतावर चढला.