समाजमाध्यमे आणि वनजिल्ह्यांतील छायाचित्रण : प्रसिद्धीची रीत व तिच्या मर्यादा

प्रस्तावना

चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते आणि अरण्य ही आजही दोहोंची समान ओळख होय. छायाचित्रांच्या जगात मात्र दोहोंची स्थिती भिन्न आहे. ताडोब्याचा वाघ जगभर पोहोचला; गडचिरोलीचे अरण्य त्या मानाने अपरिचितच राहिले. पूर्वी छायाचित्रकाराला संपादकाच्या पसंतीची किंवा प्रदर्शनाच्या दालनाची वाट पाहावी लागे. फेसबुक (२००४) व इन्स्टाग्राम (२०१०) आल्यानंतर हा अडसर दूर झाला आणि चिमूर वा मूलसारख्या गावातील तरुणही आपले काम थेट प्रेक्षकांपुढे मांडू लागला. ही प्रसिद्धी कशी घडते व वनक्षेत्रात तिला कोठे आवर घालावा लागतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रसिद्धी कशी घडते?

समाजमाध्यमाला चित्राची कलात्मकता पारखता येत नाही. प्रेक्षक चित्रापाशी किती वेळ थांबला, त्याने ते कोणाला पाठविले, यांसारख्या खुणांवरून ते चित्र आणखी किती जणांसमोर न्यायचे हे ठरते. त्यामुळे एकट्या उत्तम चित्रापेक्षा सातत्याने पुढे सरकणारी कथा अधिक दूर जाते. ताडोब्यातील ‘माया’ वाघीण हे याचे बोलके उदाहरण होय. वन विभागाच्या लेखी ती टी-१२. पण नाव मिळाल्यामुळे तिचे प्रत्येक छायाचित्र जणू एका चालू चरित्राचे पुढील पान ठरले. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसेनाशी झाली, तेव्हा ताडोबा कधीही न पाहिलेल्या माणसांनीही हळहळ व्यक्त केली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसारित झालेली ताडोब्याच्या निमढेला परिसरातील चित्रफीतही लक्षणीय आहे. पाण्याजवळ पडलेली प्लॅस्टिकची बाटली तोंडात धरून नेणारा वाघ तीत दिसतो. तीत उपदेशाचा एकही शब्द नव्हता, तरीही पर्यटकांच्या बेपर्वाईवर देशभर चर्चा झाली. डोळ्यांत डोळे घालून पाहणाऱ्या वाघांची शेकडो छायाचित्रे जे साधू शकली नाहीत, ते या काही सेकंदांनी साधले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्थळ आणि वेळ

हीच गती अपायकारकही ठरते. आजच्या दर्शनाचे छायाचित्र पाणवठ्याच्या नावासह आजच प्रसिद्ध झाले, तर उद्याच्या गाड्या तेथेच वळतात. शिकाऱ्यासही ती माहिती फुकट मिळते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण व तिच्या पाच बछड्यांची वाट सफारीच्या गाड्यांनी अडविली. त्या घटनेची दृश्ये समाजमाध्यमांतूनच पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तिची स्वतःहून दखल घेतली. म्हणजे मोह वाढविणारे माध्यमच येथे साक्षीदारही ठरले. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनात मोबाईल वापरास मनाई करण्याचे निर्देश दिले.

कॅमेऱ्याला मात्र अशी मनाई नाही, म्हणून जबाबदारी छायाचित्रकारावर येते. डिजिटल चित्राच्या फाईलमध्ये दिनांक व वेळ नोंदलेली असते. स्थाननोंद सुरू असल्यास अक्षांश-रेखांशही असतात. मोठी समाजमाध्यमे ही माहिती दर्शकापासून बहुधा दडवितात. मूळ फाईल जशीच्या तशी कोणास पाठविली तर ती सोबत जाते. सबब ही नोंद आधी पुसावी, चित्र काही आठवड्यांनी प्रसिद्ध करावे आणि स्थळ केवळ ‘ताडोबा’ एवढेच लिहावे. उशिरामुळे चित्राचे मोल घटत नाही. घटते ती केवळ पहिले असण्याची मिरवणूक.

माणसांची छायाचित्रे

गडचिरोलीत प्रश्न निराळा आहे. भामरागड वा एटापल्ली तालुक्यात येणाऱ्या पाहुण्या छायाचित्रकाराचा कॅमेरा वाघापेक्षा माडिया स्त्रीच्या चेहऱ्याकडे, गोंदणाकडे आणि दागिन्यांकडे वळतो. वाघाला नाव मिळते. या स्त्रीच्या चित्राखाली मात्र पुष्कळदा केवळ ‘आदिवासी’ एवढीच ओळ असते. चित्र किती लोक पाहणार आहेत हे तिला सांगितले गेलेले नसते, आणि त्यातून होणाऱ्या कमाईत तिचा वाटाही नसतो. तिने मान हलविली म्हणजे संमती दिली, असे मानणे सोयीचे असले तरी न्याय्य नव्हे. गोंडवाना विद्यापीठाच्या परिक्षेत्रातील महाविद्यालयांत माडिया बोलणारे विद्यार्थी आहेत. चित्र कोठे झळकणार, कोण पाहणार, त्यावर नाव लिहावे की नाही, हे त्यांच्याकरवी तिच्या भाषेत विचारता येते; आणि तिने नकार दिल्यास ते चित्र तिच्यादेखत पुसूनही टाकता येते.