पहिली रायफल विकत घेऊ नका!

१ ऑगस्ट २०२४ ची दुपार आठवते? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवलं. १९५२ साली खाशाबा जाधवांनी हेलसिंकीहून कुस्तीचं पदक आणलं होतं. त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! त्यानंतर कित्येक घरांत एकच हट्ट सुरू झाला, "मला रायफल पाहिजे."

आमच्याही घरात झाला. मावसभाऊ आठवीत आहे. मावशी फोनवर म्हणाली, "अगं, तू क्लबात जातेस ना, मग सांग कुठली घेऊ?" मागून काकांचा आवाज, "घरात बंदूक बिंदूक काही नको!" माझं उत्तर दोघांनाही आवडलं नाही. मी म्हटलं, रायफल घेऊ नका, पण त्याला रेंजवर जरूर पाठवा. हॉस्टेलमध्येही हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून एकदा लिहूनच टाकते. (शाळा कॉन्व्हेंटची, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांच्या हवाली!)

दुकानात मिळते ती साधी स्प्रिंगची एअरगन. ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असेल तर तिला शस्त्र परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणजे खेळणं, असा लोकांचा समज होतो, आणि खरा धोका तिथेच आहे. स्पर्धेच्या एअर रायफलचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा, वेग सेकंदाला १७० मीटरच्या आसपास. फर्स्ट इयरचा फॉर्म्युला लावा, उत्तर साडेसात ज्यूल येतं. कागदासाठी हे पुरे, पण डोळा कायमचा जायलाही पुरे. गच्चीवर एकट्या पोराच्या हातात ती दिली, की पहिल्या दिवशी डबा आणि आठवड्याने कबुतर. पक्षी मारणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा ठरू शकतो, हे त्या पोराला कोण सांगणार?

रेंजवर उलट क्रम असतो. पहिल्या दिवशी छर्राच देत नाहीत. रायफल भरलेलीच आहे असं धरून चालायचं, नळीचं तोंड कायम टार्गेटकडे, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. नळीतून एक भडक रंगाची दोरी आरपार घातलेली असते, ती दिसली की लांबूनही कळतं, आत काही नाही. "स्टॉप" म्हटलं की थांबायचं, आणि सांगितल्याशिवाय फायरिंग लाइनच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. पोरं कंटाळतात. कंटाळू द्यावं! ज्याला हे तीन दिवस निघत नाहीत, त्याला रायफल द्यायची घाई नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग उभं राहणं. स्पर्धेची रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. आठवीतल्या मुलाला ती जडच, म्हणून सुरुवात स्टँडवर टेकवून. पुढे डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकतं आणि वजन हाडांमधून सरळ जमिनीत जातं. सिव्हिलवाल्यांना लगेच समजेल: लोड कॉलमने घ्यायचा. स्नायूंनी पेलायला गेलात की दोन मिनिटांत थरथर सुरू.

आता आमच्या कामाचं गणित. टार्गेट १० मीटरवर, दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलीमीटरचा. छऱ्याची कड ठिपक्याला लागली तरी दहा मिळतात, म्हणजे छऱ्याचं केंद्र अडीच मिमीपर्यंत सरकलं तर चालतं. पुढच्या-मागच्या साईटमध्ये ७० सेंटिमीटर अंतर धरा. समरूप त्रिकोणाने, पुढची साईट ०.१७५ मिमी हलली की दहाचे नऊ! जर्नलच्या दोन कागदांची जाडी यापेक्षा जास्त भरेल. एवढं हातांच्या जोराने सांभाळता येत नाही. म्हणून एक युक्ती शिकवतात. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साईट बाजूला गेलेली दिसली तर हाताने ओढून आणायची नाही, पाय किंचित सरकवायचे. शरीर सैल सोडल्यावर रायफल जिकडे बघते, तिकडेच टार्गेट आलं पाहिजे. ओढून आणलेला नेम ट्रिगर दाबताना परत पळतो.

श्वास सोडून थोडा वेळ थांबायचं आणि ट्रिगर हळूच दाबत न्यायचा. आठ-दहा सेकंदांत शॉट नाही सुटला तर रायफल खाली. हे सगळ्यात अवघड जातं. हातात आलेला शॉट सोडून द्यायचा कसा? पण तीच सवय मोठ्या मॅचमध्ये कामी येते, ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात. शॉट सुटल्यावरही क्षणभर साईटमधून बघत राहायचं, लगेच मान वर करून "किती लागला?" नाही.

पहिल्या कार्डावर गुण मोजू नका. पाच छरे सातवर एकाच ठिकाणी गुच्छाने बसले असतील तर पोरगं छान चाललंय, साईटचे क्लिक फिरवले की गुच्छ मध्यात येईल. एक दहा आणि बाकीचे चार चार दिशांना, हे मात्र नुसतं नशीब. मेट्रॉलॉजीच्या व्हायवात प्रिसिजन आणि ॲक्युरसीतला फरक विचारतात ना, तो हाच.

खर्चाचं म्हणाल तर परदेशी मॅच रायफल लाखांच्या घरात जाते. म्हणून सुरुवातीला क्लबचीच वापरावी. उंची वाढतेय तोवर दस्ता आणि जॅकेटचं मापही बदलत राहणार. सहा महिन्यांनीही मुलगा स्वतःहून रेंजवर जात असेल, तर मग रायफलचा विचार करा. अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या आणि २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या फायनलपर्यंत पोचल्या. तेव्हा आपल्यातल्या एनसीसीवाल्यांनी कॅम्पमधल्या फायरिंगला पोट दुखण्याचं कारण काढू नये!

मावशीला सांगायची राहिलेली एक गोष्ट इथेच सांगते. छरे शिशाचे असतात. रेंजवरून आल्यावर हात साबणाने धुवायचे, मगच डब्याला किंवा मेसच्या ताटाला हात लावायचा.