जबड्याची खोबण: खोली मोजण्याआधी भार कुठे पडतो ते बघा

कानाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड हळूहळू पूर्ण उघडा. बोटाखाली आधी काहीतरी फिरतं, मग पुढे सरकतं. ते खालच्या जबड्याच्या हाडाचं टोक, म्हणजे कॉन्डाइल. ते ज्या खोबणीत बसतं ती मँडिब्युलर फॉसा. ही खोबण कवटीच्या कानशिलाच्या हाडात असते.

आता प्रश्न असा: अंबड-घनसावंगीकडचा माणूस दाताने ऊस सोलतो, तेव्हा सांध्यावरचा जोर कुठे पडतो? आपण पटकन म्हणतो, खोबणीच्या छतावर. पण कोरडी कवटी उजेडासमोर धरा. छत इतकं पातळ असतं की त्यातून उजेड झिरपतो, आणि त्याच्या वर लगेच मेंदूची जागा. खरा भार पडतो खोबणीच्या पुढच्या उंचवट्याच्या मागच्या उतारावर. तिथे तंतुमय कूर्चा जाड असते, छतावर अगदी पातळ. मध्ये एक चकतीही असते. तान्ह्या बाळात हा उंचवटा जवळपास सपाट असतो. दात येतात, चावणं सुरू होतं, तसा तो वाढत जातो.

समजा, तुमचा विषय आहे ‘जालना जिल्ह्यातील प्रौढांमधील खोबणीची खोली’. मग चार गोष्टी आधीच ठरवा.

एक, खोली कुठून कुठवर मोजणार? उंचवट्याच्या सर्वांत खालच्या बिंदूपासून छतापर्यंत मोजली, तर त्या आकड्यात उंचवट्याची उंचीही आलीच.

दोन, कोरड्या कवटीत कूर्चा आणि चकती नसतात. तिथे हाड मोजता येतं, सांधा नाही.

तीन, गुटखा-सुपारीमुळे तोंड कमी उघडणारे लोक. राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी असे पेशंट येतातच. त्यांच्यात आखडतं ते तोंडाच्या अस्तराखालचं ऊतक, खोबण नव्हे. त्यांना सांध्याच्या गटात घातलंत, तर गणित बरोबर येईल आणि निष्कर्ष चुकेल. शिवाय पेशंटचे उपचार भलत्याच जागी होतील.

चार, ‘ग्लेनॉइड’ एवढाच शब्द टाकून शोधनिबंध शोधू नका. खांद्याच्या खोबणीलाही तेच नाव आहे, त्यामुळे निम्मा दिवस खांद्यातच जाईल!

फूटपट्टी नंतर घ्या. आधी विचारा: मी मोजतोय ती जागा नेमकं काम काय करते?