मालदीव : मोजक्या पाण्याच्या बेटांवर पाहुणे होऊन

मालदीवची राजधानी माले. तिथल्या एका जुन्या मशिदीचे नाव 'हुकुरु मिस्कीय'. नाव परके वाटते, पण जरा कान देऊन ऐका. मालदीवच्या धिवेही भाषेत जुन्या 'स' आणि 'श'चा 'ह' होतो. आपण मराठीत 'दश'चे 'दहा' केले, तसेच हे. म्हणजे 'हुकुरु' हा आपला शुक्र, शुक्रवार. 'मिस्कीय' म्हणजे मशीद. झाली जुमा मशीद! सोमवारला ते 'होम' म्हणतात, मंगळवारला 'अंगार' आणि गुरुवारला 'बुरासफती', म्हणजे आपला बृहस्पती. नमाजला 'नमादु' म्हणतात. लिपीचे नाव 'थाना'. ती उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे लिहितात, जेर-जबर-पेशसारख्या खुणा अक्षरांच्या वर-खाली येतात, आणि पहिली नऊ अक्षरे चक्क अरबी अंकांवरून घेतलेली आहेत. उर्दू आणि मराठी दोन्ही वाचणाऱ्या घरातल्या मुलांना दुकानांच्या पाट्या हेच तिथे एक कोडे होते.

आपल्याकडे मालदीव म्हटले की डोळ्यांपुढे येते ते पाण्यावरचे लाकडी घर, निळे पाणी आणि लाखाच्या घरातले बिल. पण हा देश म्हणजे केवळ तेवढेच नव्हे. तिथे माणसे राहतात, मुले शाळेत जातात, पाच वेळा अजान होते. सहकुटुंब जायचे असेल तर आधी ही माणसांची बेटे पाहावीत आणि तिथे गिऱ्हाईक म्हणून न राहता पाहुणे म्हणून राहावे, असे माझे मत आहे. कारण त्या बेटांवर जमीन, पाणी, वाळू सारेच मोजके आहे आणि आपण जे वापरतो ते त्यांच्या वाट्यातून येते.

बेटे झाली कशी?

नकाशावर मुंबईवर बोट ठेवा आणि सरळ खाली दक्षिणेकडे न्या. सुमारे १,६५० किलोमीटरवर माले लागते. वाटेत आपलेच लक्षद्वीप येते. त्यातल्या मिनिकॉय बेटावर आजही धिवेहीच बोलतात, तिथे तिला महल म्हणतात. मालदीवमध्ये सुमारे १,२०० बेटे असून ती २६ कंकणद्वीपांत विभागलेली आहेत. भूगोलाच्या पुस्तकातल्या कंकणद्वीपाला इंग्रजीत 'अ‍ॅटॉल' म्हणतात. तो शब्द धिवेहीतल्या 'अतोळु'वरूनच जगभर गेला.

समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीभोवती प्रवाळ वाढते. लाखो वर्षांत डोंगर खचत जातो, प्रवाळ मात्र सूर्यप्रकाशासाठी वर वर चढत राहते. शेवटी डोंगर बुडतो आणि उरते ते प्रवाळाचे कडे. चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये ही उपपत्ती मांडली. बेटावरची पांढरी वाळूही प्रवाळाचीच. पोपटासारखी चोच असलेला पॅरटफिश प्रवाळ कुरतडतो आणि त्याचा चुरा विष्ठेतून बाहेर टाकतो. त्या वाळूत या माशाचा मोठा वाटा आहे. हे मुलांना सांगा, मग ती वाळूचा किल्ला करताना कशी हसतात ते पाहा!

या देशाची बहुतेक जमीन समुद्रसपाटीपासून एक मीटरसुद्धा उंच नाही. समुद्राची पातळी वाढते आहे, ही बातमी आपण चहा पिताना वाचतो. तिथे तो अंगणातला प्रश्न आहे. १७ ऑक्टोबर २००९ रोजी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी जगाचे लक्ष वेधण्यासाठी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली होती. मालेजवळचे हुलहुमाले हे बेट तर समुद्रात भराव टाकून उंच बांधलेले आहे. विमानतळ, माले आणि हुलहुमाले आता पुलाने जोडलेले असल्याने पहिल्या दिवशी तिथे सहज फेरी मारता येते.

दोन प्रकारची बेटे

मालदीवमधले पहिले रिसॉर्ट १९७२ मध्ये सुरू झाले. त्यानंतर अनेक वर्षे परदेशी पाहुण्यांनी रिसॉर्टच्या बेटांवर राहायचे आणि स्थानिकांनी आपल्या बेटांवर, अशीच विभागणी होती. साधारण २०१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउस उघडायला मोकळीक मिळाली. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबाला हा देश आवाक्यात आला आणि बेटावरच्या घरांनाही थेट कमाई होऊ लागली. माफुशी, गुल्ही, थुलुसधू, रसधू, धिगुरा अशी बरीच नावे आहेत. माफुशीवर गेस्टहाउसांची गर्दी आहे. शांतता हवी असेल तर लहान बेट निवडावे.

आपल्या वाचकांनी एक फरक ध्यानात ठेवावा. 'मुस्लीम देश आहे, म्हणजे सगळीकडे निर्धास्त' असे नाही. वस्तीच्या बेटांवर दारूला बंदी आहे आणि खाणे हलालच मिळते. रिसॉर्टच्या बेटांवर मात्र परदेशी पाहुण्यांसाठी दारूही असते आणि डुकराचे मांसही. एका दिवसाच्या सहलीसाठी रिसॉर्टवर जाणार असाल तर स्वयंपाकघराची चौकशी आधीच करा.

कपड्यांचेही तसेच. वस्तीच्या बेटावर सर्वांनीच अंगभर कपडे घालावेत अशी रीत आहे. परदेशी पाहुण्यांच्या पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा एक भाग आडोसा करून वेगळा ठेवलेला असतो. उरलेल्या किनाऱ्यावर तिथल्या बायका-मुली पूर्ण कपड्यांत, डोक्याला स्कार्फ बांधून खुशाल पाण्यात उतरतात. आपल्याकडच्या किनाऱ्यावर नुसते पाय भिजवून परतणाऱ्या आपल्या बहिणींना आणि अम्मींना हा मोकळेपणा फार मोलाचा वाटेल. अंगाला चिकटणार नाही असा, लवकर वाळणाऱ्या कापडाचा एक जोड सोबत असू द्या.

मशीद आणि किब्ला

हुकुरु मिस्कीय १६५८ मध्ये सुलतान इब्राहीम इस्कंदर यांच्या काळात पूर्ण झाली. तिच्या भिंती प्रवाळाच्या दगडांच्या आहेत. प्रवाळ पाण्यातून काढले की ओले असताना मऊ असते, कापता येते. वाळले की घट्ट होते. कारागिरांनी ते दगड सुतारकामासारखे खाचा पाडून एकमेकांत बसवले आणि त्यांवर कोरीवकाम केले. आत लाकडावरचे लाखकाम आहे, आणि आवारात कोरलेल्या दगडांच्या जुन्या कबरी आहेत. आत जाता येईल का, हे तिथल्या माणसांना अदबीने विचारावे.

या मशिदीची एक गंमत आहे. इमारतीचे तोंड सरळ पश्चिमेला आहे, किब्ला मात्र वायव्येकडे. त्यामुळे सफा तिरप्या घालाव्या लागतात. आपणही तिथे हीच गोष्ट लक्षात ठेवायची. मुंबईत किब्ला पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण १० अंश कललेला असतो, मालेमध्ये तो सुमारे ३० अंश कलतो. म्हणून घरच्या सवयीने सूर्य मावळतो त्या दिशेला मुसल्ला टाकू नका. बेट लहान असते, मशीद पाच-सात मिनिटांवर असते. जमात गाठणे घरापेक्षाही सोपे जाते.

बेटांवर इस्लाम ११५३ पासून आहे. १३४३ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला आणि काजी होऊन राहिला. तेव्हा गादीवर खदीजा नावाची सुलताना होती. जुम्याच्या खुतब्यात तिचे नाव घेतले जाई, हे त्याने आवर्जून नोंदवले आहे. लोक अनवाणी चालतात आणि घराच्या दारात ठेवलेल्या रांजणातल्या पाण्याने पाय धुऊन मगच आत जातात, हेही त्याने लिहिले. काथ्याच्या दोऱ्या आणि कवड्या इथून दूरदूरच्या देशांत जात. बंगालमध्ये त्या कवड्या नाणे म्हणून चालत. आपण 'खिशात फुटकी कवडी नाही' म्हणतो. त्या कवड्यांचे एक मोठे माहेर म्हणजे ही बेटे.

पाणी आणि कचरा

बेटावर नदी नाही, तलाव नाही, धरण बांधायला डोंगर नाही. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत राहतो. विहिरी त्या थरावर चालतात. जास्त उपसा झाला की खारे पाणी वर येते. २००४ च्या त्सुनामीत कित्येक बेटांच्या विहिरी खारट झाल्या. आता पावसाच्या पाण्याच्या टाक्या आणि समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे यांवर भिस्त आहे. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालेतल्या अशाच प्रकल्पाला आग लागली आणि अख्ख्या राजधानीचे नळ कोरडे पडले. तेव्हा भारताने विमानांतून आणि नौदलाच्या जहाजांतून पाणी पाठवले होते.

ज्यांच्या घरी टँकरची वाट पाहिली जाते, त्या वाचकांना याहून अधिक सांगायला नको. वाहत्या झऱ्यावर वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपल्या घरातल्या लेकरांनाही ठाऊक असते. ती पाळायची जागा हीच. आंघोळ आटोपशीर, टॉवेल रोज धुवायला न टाकणे, नळ चालू ठेवून दात न घासणे. ही काटकसर म्हणजे यजमानांवर उपकार नव्हेत, ते त्यांचे देणे आहे.

कचऱ्याचेही तेच. मालेजवळ थिलाफुशी नावाचे बेट आहे. १९९० च्या दशकापासून कचरा टाकून टाकून ते वाढत गेले. आपण फेकलेली बाटली अशाच कुठल्यातरी बेटावर जाते. प्रत्येकाने आपली पाण्याची बाटली घरून न्यावी आणि गेस्टहाउसमध्ये भरून घ्यावी. चिवडा-बिस्किटांची रिकामी पाकिटे बॅगेत घालून परत आणली तरी बॅग जड होत नाही.

समुद्रात काय पाहावे?

तोंडाला काचेचा मुखवटा आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथे तरंगणे म्हणजे स्नॉर्कलिंग. त्याला खोल बुडी मारावी लागत नाही. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालून, माहितगाराचा हात धरूनच उतरा. बेटांमधल्या खाड्यांत प्रवाह जोरदार असतो. पाय टेकायला प्रवाळ दिसले तरी त्यावर उभे राहू नका, ते दगड नव्हे, जिवंत वसाहत आहे. १९९८ आणि २०१६ मध्ये पाणी तापून इथले पुष्कळ प्रवाळ पांढरे पडले. उरलेले आपल्या टाचेखाली मोडू नये, एवढे तरी आपल्या हाती आहे. धिगुराजवळ देवमाशाएवढा व्हेल शार्क दिसतो. तो माणसाला काही करत नाही. हनीफारू खाडीत साधारण मे ते नोव्हेंबरमध्ये चादरीसारखे मांटा रे मासे जमतात. ती खाडी ज्या बा कंकणद्वीपात आहे, ते २०११ पासून युनेस्कोचे राखीव जीवावरण क्षेत्र आहे. खाडीत सिलिंडर लावून बुडी मारायला मनाई आहे.

खाणे, हवामान, खर्च

नाश्त्याला 'मस हुनी' मागवा. शिजवलेला ट्यूना, खवलेला नारळ, कांदा, मिरची, लिंबू, आणि सोबत 'रोशी' नावाची पातळ रोटी. कोकणातल्या घरांना ही चव परकी वाटणार नाही. 'गरुधिया' हा माशाचा पातळ रस्सा भातावर घेतात. चहासोबतच्या खाऊला 'हेधिका' म्हणतात, त्यातला माशाचे सारण भरलेला 'बजिया' आपल्या समोशाचा भाऊ शोभतो. इथला ट्यूना जाळ्याने नव्हे तर गळाने एकेक पकडतात. त्यामुळे नको ते जीव जाळ्यात सापडून मरत नाहीत.

डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी असते. मेपासून पावसाळी वारे सुरू होतात, त्यामुळे आपल्या उन्हाळी सुट्टीत जाणाऱ्यांनी उसळत्या समुद्राची आणि मधूनच येणाऱ्या सरींची तयारी ठेवावी. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे असते. साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. जुम्याला सरकारी फेरी बोटी सहसा सुटत नाहीत, तेव्हा विमानाचे तिकीट काढण्याआधी बोटींचे वेळापत्रक पाहा. फेरी सर्वात स्वस्त, पण माफुशीला तिने साधारण दीड तास लागतो. स्पीडबोट अर्ध्या-पाऊण तासात पोहोचवते, पण पैसे पुष्कळ पडतात. रमजानमध्ये दिवसा खाणावळी बंद असतात.

पर्यटक व्हिसा तिथे उतरल्यावर मोफत मिळतो, मात्र प्रवासाच्या आधी ऑनलाइन माहितीपत्र भरावे लागते. गेस्टहाउसच्या जाहिरातीतला दर हा पूर्ण खर्च नव्हे. त्यावर पर्यटन कर, सेवाशुल्क आणि माणशी रोजचा ग्रीन टॅक्स लागतो. 'सगळे धरून, बोटीसह, किती?' असा सरळ प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

परतताना वाळू, शिंपले किंवा प्रवाळाचा तुकडा बॅगेत घालू नका, कायद्याने मनाई आहे. आणायचेच असेल तर सुक्या ट्यूनाचे एक पाकीट आणा. नाहीतर निघण्याच्या दिवशी घरमालकिणीला मस हुनीचे प्रमाण विचारून घ्या. नारळ आणि मिरची आपल्या घरात आहेच.