प्रतिकृती-शस्त्रांवरील नीलन : स्वरूप, टिकाऊपणा आणि निगा

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन शस्त्रांच्या प्रतिकृती तयार करणे हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक स्वतंत्र उद्योग बनला. अमेरिकन यादवी युद्धाची (१८६१-१८६५) शताब्दी जवळ येऊ लागली, तेव्हा त्या काळातील शस्त्रांविषयीचे कुतूहल वाढले. परंतु मूळ शस्त्रे दुर्मीळ आणि मौल्यवान होती. ही मागणी प्रामुख्याने उत्तर इटलीतील ब्रेशा शहराजवळच्या वाल त्रोम्पिया या, बंदुका घडविण्याची जुनी परंपरा असलेल्या खोऱ्याने पूर्ण केली. १९५९ साली आल्दो उबेर्ती यांनी तेथे स्थापन केलेला कारखाना कोल्टच्या १८५१ च्या 'नेव्ही' आणि १८७३ च्या 'सिंगल ॲक्शन आर्मी' या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृतींसाठी प्रसिद्ध आहे. या शस्त्रांच्या नळीवर दिसणारी निळसर-काळी झळाळी म्हणजे 'ब्ल्यूइंग' अथवा नीलन होय. हे नीलन म्हणजे नेमके काय, ते किती टिकते आणि त्याची निगा कशी राखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नीलनाचे स्वरूप

नीलन हा रंगाचा लेप नव्हे. पोलादाच्या पृष्ठभागावरील लोहाचेच नियंत्रित ऑक्सिडीकरण होऊन मॅग्नेटाइट या काळ्या ऑक्साइडचा थर तयार होतो. तांबडा गंजही लोहाच्या ऑक्सिडीकरणातूनच निर्माण होतो. मात्र तो जलयुक्त, भुसभुशीत आणि सुटून येणारा असतो, तर मॅग्नेटाइटचा थर धातूला घट्ट चिकटून राहतो. या थराची जाडी साधारणतः एक-दोन मायक्रोमीटर, म्हणजे मानवी केसाच्या जाडीच्या काही शतांशांइतकीच असते. शिवाय तो सच्छिद्र असतो. म्हणून नीलन स्वतः पोलादाचे फारसे रक्षण करीत नाही. रक्षण करते ते त्याच्या छिद्रांत धरून ठेवलेले तेल. निगेचे सर्व नियम या एका वस्तुस्थितीतून निघतात.

पद्धती आणि टिकाऊपणा

नीलनाच्या चार पद्धती प्रचलित आहेत. कॉस्टिक सोडा व सोरा यांसारख्या क्षारांच्या सुमारे १३५ ते १५० अंश सेल्सिअस तापमानाच्या उकळत्या द्रावणात भाग बुडविणे, ही आजच्या कारखान्यांतील सर्वसाधारण रीत होय. हा थर एकसारखा व बऱ्यापैकी टिकाऊ असतो. मात्र सांध्यांत अडकलेले क्षार नीट धुतले गेले नाहीत, तर ते पुढे पांढऱ्या पुटाच्या रूपाने बाहेर येतात आणि तेथे गंज धरतो.

दुसरी रीत पोलादावर मुद्दाम बारीक गंज चढवून तो पाण्यात उकळण्याची व घासण्याची आहे. ही क्रिया अनेकदा करावी लागते. ती वेळखाऊ असली, तरी तिचा थर चिवट असतो. कॉस्टिक द्रावणात शिशाचे डाख विरघळू शकतात. त्यामुळे डाखाने जोडलेल्या जोडनळीच्या बंदुकांसाठी आजही हीच रीत योग्य ठरते.

तिसरी रीत कोळशाच्या भट्टीत भाग तापविण्याची आहे. एकोणिसाव्या शतकातील कोल्ट शस्त्रांची तेजस्वी निळाई याच रीतीने येत असे. काही प्रतिकृतींवर ती हौसेने दिली जाते. परंतु हा थर घर्षणाने लवकर झिजतो. मूळ शस्त्राशी अधिक इमान राखणारी झिलई कमी टिकाऊ ठरावी, हा या विषयातील लक्षणीय विरोधाभास आहे.

चौथी, थंड नीलनाची रीत सेलेनियमची आम्ले व तांब्याचे क्षार यांवर आधारलेली असते. तिच्यात मॅग्नेटाइट तयार न होता पृष्ठभागावर निराळे संयुग साचते. त्यामुळे लहान ओरखडे झाकण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. तिची रसायने विषारी असल्याने हातमोजे व खेळती हवा आवश्यक असते.

ऱ्हासाची कारणे

घामातील क्लोराइडे हे पहिले कारण. बोटांचे ठसे काही दिवसांत गंजाच्या रेषांत उमटतात. दुसरे कारण काळ्या दारूची राख. सोरा, गंधक व कोळसा यांच्या ज्वलनातून उरणारे पोटॅशियमचे क्षार हवेतील ओलावा शोषून घेतात. तिसरे कारण चामड्याचे म्यान. कमावलेल्या चामड्यातील आम्ले व त्याने धरलेली ओल दीर्घकाळ धातूला भिडून राहते. याच म्यानात शस्त्र वारंवार घातल्या-काढल्याने नळीच्या टोकाची निळाईही घासली जाते.

निगेची तत्त्वे

शस्त्र भरलेले नाही याची खात्री करणे, ही पहिली पायरी होय. काळ्या दारूच्या राखेतील क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून प्रथम गरम साबणाचे पाणी, नंतर पूर्ण सुकविणे आणि शेवटी तेलाचा पातळ हात, हा क्रम बदलू नये. राखेवर तेल लावल्यास क्षार तेलाखाली कोंडले जातात. हाताळणीनंतर कापडाने पुसून तेल पुन्हा लावावे. साठवण कोरड्या जागी, म्यानाबाहेर असावी.

तांबडा गंज दिसल्यास तेलात भिजविलेल्या मऊ कापडाने हळुवार घासावे. फॉस्फरिक आम्लयुक्त गंजनाशके किंवा व्हिनेगर वापरू नये. आम्लाला गंज व नीलन यांतील भेद कळत नाही; दोन्ही लोहाची ऑक्साइडेच असल्याने ती एकत्रच निघून जातात. खरखरीत पॉलिशने निळाईबरोबर कोरीव अक्षरे व चाचणीगृहाचे ठसेही पुसट होतात. अमोनियायुक्त द्रावण 'नेव्ही' प्रतिकृतीच्या पितळी भागांपासून दूर ठेवावे.

निष्कर्ष

नीलन हे कवच नसून तेल धरून ठेवणारे अस्तर आहे. त्याचा टिकाऊपणा मूळ पद्धतीवर जितका अवलंबून असतो, तितकाच नित्याच्या निगेवरही असतो. कोळशाच्या भट्टीतील निळाई निवडणाऱ्याने ऐतिहासिक सत्यतेसोबत तिचा नाजूकपणाही स्वीकारला पाहिजे. झिजलेले नीलन पुन्हा देता येते. परंतु त्यापूर्वीच्या घासणीत गेलेला धातू, धारदार कडा आणि ठसे परत येत नाहीत. म्हणूनच दुरुस्तीपेक्षा प्रतिबंध श्रेयस्कर ठरतो.