युरोपच्या जेलीचे पुडके : माल घेण्याआधी काय वाचावे?

माझा धंदा कापडाचा. तरी एका रमजान ईदला, कपड्यांबरोबर मुलांसाठी काही असावे म्हणून, मुंबईच्या एका ठोक व्यापाऱ्याकडून युरोपातल्या जेलीच्या गोळ्यांची चार खोकी आणली. अस्वलाच्या आकाराच्या, रंगीत, रबरासारख्या मऊ. पुडक्यावर थोडा अरबी मजकूर होता. तेवढ्यावर मी खात्री धरली. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने पुडके उलटून बारीक अक्षरे वाचली आणि विचारले, "चाचा, यातले जिलेटीन कशाचे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. ठोकवाल्याकडेही नव्हते आणि माल परत घ्यायला तो तयार नव्हता. पैशाचे नुकसान सोसले. पण ज्यांनी गोळ्या आधीच घरी नेल्या होत्या, त्यांना काय सांगायचे?

आज उस्मानाबाद (धाराशिव) जिल्ह्यात उमरग्यापासून परंड्यापर्यंत किराणा आणि कटलरीच्या दुकानांत असा माल दिसतो. म्हणून जे शिकलो ते व्यापारी बांधवांपुढे ठेवतो.

गोळी मऊ कशाने होते?

या गोळीला लवचिकपणा जिलेटीन देते. ते जनावरांच्या कातडी आणि हाडांपासून काढतात. युरोपात त्याचा मोठा भाग डुकराच्या कातडीपासून बनतो. गाई-बैलांचे आणि थोडे माशांचेही असते. अस्वलाची गोळी जर्मनीतील बॉन शहरात १९२२ साली हारिबो कंपनीने काढली. हीच कंपनी तुर्कस्तानातल्या कारखान्यात गोवंशीय जिलेटीन वापरून हलाल माल बनवते. म्हणजे नाव एकच, माल दोन प्रकारचा. नुसत्या कंपनीच्या नावावर भरवसा ठेवता येत नाही.

जिलेटीनशिवायही जेली बनते. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून निघणारे पेक्टिन (ई ४४०) आणि समुद्री शेवाळातून निघणारे अगर (ई ४०६) ही वनस्पतीजन्य साधने आहेत.

युरोपचा कायदा काय सांगतो, काय सांगत नाही?

युरोपीय संघाचा लेबलविषयीचा नियम क्रमांक ११६९/२०११ हा १३ डिसेंबर २०१४ पासून लागू आहे. सर्व घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. दूध, गहू यांसारखे ॲलर्जीचे १४ पदार्थ ठळक दाखवावे लागतात. जबाबदार कंपनीचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता द्यावा लागतो.

पण जिलेटीन "आहे" एवढेच लिहिणे बंधनकारक आहे. ते कोणत्या जनावराचे, हे सांगण्याची सक्ती नाही. तसेच जिलेटीनला तिथे ई-क्रमांक नाही, त्यामुळे नुसते क्रमांक शोधत बसलात तर ते सापडणार नाही. "जिलेटीन" हा शब्दच शोधा.

रंगांकडेही पाहा. ई १२० म्हणजे किड्यांपासून काढलेला लाल रंग. टार्ट्राझिन (ई १०२), सनसेट यलो (ई ११०) यांसह सहा कृत्रिम रंगांपैकी एकही असेल, तर मुलांच्या चंचलतेवर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो असा इशारा २० जुलै २०१० पासून छापावा लागतो. टायटॅनियम डायऑक्साइड (ई १७१) हा पांढरा रंग २०२२ पासून तिथे खाद्यपदार्थांत बंद आहे.

फसवणारी चिन्हे

एकमेकांत गुंतलेल्या दोन बाणांचे गोल हिरवे चिन्ह म्हणजे आपला शाकाहारी ठिपका नव्हे; ते वेष्टनाच्या कचऱ्याच्या व्यवस्थेसाठी वर्गणी भरल्याचे चिन्ह आहे. वजनाशेजारचे छोटे इंग्रजी "ई" अक्षर वजनाच्या पद्धतीविषयी आहे. अरबी मजकूर फक्त एवढेच सांगतो की माल अरब देशांतही विकला जातो. हलालची खात्री देते ते दाखला देणाऱ्या संस्थेचे नाव.

आपल्याकडे विकताना

आयात केलेल्या पुडक्यावर आयातदाराचे नाव-पत्ता, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि शाकाहारी-मांसाहारी चिन्ह हवे. जिलेटीन असलेल्या मालावर चौकोनातला तपकिरी त्रिकोण हवा. घटकांत जिलेटीन आणि स्टिकरवर हिरवा ठिपका असेल तर काहीतरी चुकले आहे, तो माल घेऊ नका. स्टिकरच नसेल तर माल रीतसर मार्गाने आलेला नाही असे समजा; पकडला गेला तर जाब दुकानदाराला द्यावा लागतो. बंदरावर माल सुटताना त्याच्या एकूण मुदतीपैकी ६० टक्के किंवा ३ महिने, यांपैकी जे कमी असेल तेवढी मुदत शिल्लक असावी लागते. स्वस्तात मिळणाऱ्या मालाची तारीख म्हणून आधी पाहावी.

तिकडे पाठवायचे असेल तर

आपल्या कारागिरांनी पेक्टिन किंवा अगरची जेली बनवली तर युरोपची वाट त्या मानाने सोपी आहे. जनावरांपासूनचा घटक आला की तो युरोपने मान्य केलेल्या देशातल्या मान्य कारखान्यातलाच लागतो. हीच अट दुधालाही आहे. त्यामुळे आपल्या कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा कितीही चांगला असला तरी नुसता पार्सल करून तिथे विकता येत नाही. कोंजॅक (ई ४२५) घातलेली जेली तिथे चालत नाही, कारण ती मुलांच्या घशात अडकण्याचा धोका असतो.

फतव्याचे काम उलमांचे

डुकराच्या जिलेटीनबाबत जेद्दाच्या फिकह अकादमीने १९८६ साली मनाई सांगितली. १९९५ साली कुवेतच्या परिषदेत पदार्थाचे मूळ रूप पूर्ण बदलले तर हुकूमही बदलतो, असे मत पुढे आले. गोवंशाचे असले तरी जबिहा कसा झाला हा प्रश्न राहतोच. निर्णय आपल्या मुफ्ती साहेबांना विचारा. व्यापाऱ्याचे काम फतवा देण्याचे नाही, माल कशाचा आहे ते खरे सांगण्याचे आहे.

म्हणून ठोकवाल्याला पैसे देण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : जिलेटीनचे मूळ, हलाल दाखल्याची प्रत आणि आयातीचे बिल. देत नसेल तर दुसरे दुकान पाहा. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दुकानदाराला दाखवला होता. आपल्या मालाच्या राशीत गिऱ्हाइकाआधी आपणच हात घालून पाहावा, यातच रिज्कची बरकत आहे.