परिचारिका व्हायचंय, पण कोणत्या दारानं?

मी कविता लिहितो आणि बी.ए. आहे. एवढ्या भांडवलावर भडगावात आमच्या मोहल्ल्यातले सगळे फॉर्म माझ्याकडे येतात. रेशनकार्डाचे, शिष्यवृत्तीचे, पेन्शनचे. बारावीचा निकाल लागला की ओट्यावर गर्दी होते. यंदा शेजारच्या भाभी धाकट्या मुलीला घेऊन आल्या. म्हणाल्या, "भाईजान, हिला नर्स व्हायचंय. पण थोरलीसारखं नको व्हायला."

थोरलीचं काय झालं ते मला ठाऊक होतं. तिचाही फॉर्म मीच भरला होता. एका वर्षात प्रमाणपत्र, नोकरी हमखास, अशी जाहिरात होती. फीसाठी भाभींनी कानातले डूल मोडले. मुलगी मन लावून शिकली, प्रमाणपत्रही मिळालं. सरकारी भरती निघाली तेव्हा मात्र कळलं की त्या प्रमाणपत्रावर परिचारिका म्हणून नोंदणीच होत नाही. आज ती एका दवाखान्यात राबते. काम नर्सचं, पगार मदतनिसाचा. फॉर्मवर सही घेण्याआधी मी एक प्रश्न विचारायला हवा होता. तोच आज तुम्हाला सांगतो.

प्रश्न असा : हे शिकल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत माझी नोंदणी होईल का, आणि कोणती? उत्तर गोलमोल आलं तर तिथून उठावं.

नोंदणीकडे नेणारी मुख्य दारं तीन. पहिलं एएनएम, दोन वर्षांचं. बारावी कोणत्याही शाखेची चालते. गावच्या उपकेंद्रात लसीकरण करणारी, गरोदर बायांच्या घरी जाणारी सिस्टर बहुधा या दारानं आलेली असते. हे दार फक्त मुलींसाठी आहे.

दुसरं जीएनएम, तीन वर्षांचं. इथंही कला शाखेची मुलगी चालते. मात्र इंग्रजीसह बारावी आणि किमान ४० टक्के गुण हवेत. शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष रुग्णालयात काम. रुग्णालयातली स्टाफ नर्स होण्याचा हा जुना, मळलेला रस्ता. एएनएम आणि जीएनएमच्या परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं.

तिसरं दार बीएस्सी नर्सिंगचं, चार वर्षांचं. त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी घेऊनच बारावी लागते. खुल्या गटाला ४५ टक्के. महाराष्ट्रात २०२३ पासून यासाठी सीईटी आहे. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पुढं एमएस्सी करून शिकवायचं असेल तर हा रस्ता सरळ.

मग मोठं दार तेच चांगलं का? तसं नाही. जीएनएम झालेली, नोंदणी असलेली मुलगी पुढं दोन वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करू शकते. म्हणजे चारऐवजी पाच वर्षं; पण तीन वर्षांनंतर ती कमावतीही होते. उलट बाजूही सांगतो. एम्सच्या नर्सिंग अधिकारी परीक्षेला बीएस्सीवाली थेट बसते. जीएनएमवालीला किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. नोंदणी असलेल्या एएनएमलाही जीएनएमला प्रवेश घेता येतो. दार लहान असलं तरी चालेल, पण त्याच्या आत पुढचा जिना हवा. थोरलीच्या दारामागं नुसती भिंत होती.

मान्यतेनंतर पाहायचं ते रुग्णालय. इमारतीचा रंग आणि गणवेशाचे फोटो पाहून भुलू नये. एका विद्यार्थिनीमागं तीन रुग्ण हवेत, असा परिचर्या परिषदेचा दंडक आहे. रिकाम्या खाटांवर कुणी इंजेक्शन द्यायला शिकत नाही. म्हणून दुपारच्या वेळी न सांगता जावं, वॉर्डात माणसं आहेत का ते पाहावं. शेवटच्या वर्षाच्या मुलींना विचारावं, रात्रपाळी मिळते का, बाळंतपणं पाहायला मिळतात का. वसतिगृह, मेस, परीक्षा फी धरून पूर्ण वर्षाचा आकडा लेखी मागावा. मूळ कागदपत्रं कुठंही दिली तर पोच घ्यावी.

धाकटीची बारावी कला शाखेची, इंग्रजीसह. बीएस्सीचं दार तिला बंदच होतं. वडील म्हणत होते, दोन वर्षांचं एएनएम बरं, लवकर हाताशी येईल. तिला मात्र रुग्णालयातच काम करायचं होतं. जीएनएम ठरलं. या वेळी फॉर्मवर पेन टेकवण्याआधी आम्ही मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत नाव शोधलं, जळगावला जाऊन वॉर्ड पाहिला, मगच सही.

निघताना दाराशी उभी असलेली थोरली पुढं आली. "चाचा, वयाची अट किती आहे?" मी म्हणालो, "पस्तिशीपर्यंत." ती चोवीस वर्षांची आहे, बारावीला इंग्रजी होतंच. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दुसरा कोरा फॉर्म आहे का?"